नाव संस्थेचं, वही तुझी

अगं, काकांनी तुझ्या ऑफर लेटरचा फोटो पाठवला, तो मोठा करून दोनदा वाचला. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, प्रोजेक्ट असिस्टंट, एक वर्षाचा करार. सुरतजवळच्या सचिन गावी आपल्या सोसायटीत एव्हाना पेढे वाटून झाले असतील. वाटू देत. तिथल्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या डाइंग मिलमध्ये काकांनी आयुष्यभर बारा-बारा तासांच्या पाळ्या केल्या. त्यांची लेक उधन्याच्या मराठी शाळेत शिकली, वीर नर्मद विद्यापीठातून एम.एस्सी. झाली आणि आता त्या संस्थेत चालली आहे. मला किती बरं वाटलं, ते फोनवर नीट सांगताच आलं नाही.

पण फोन ठेवता ठेवता तू जे म्हणालीस ते मनात राहिलं. ‘ताई, एवढ्या मोठ्या ठिकाणी घेतलं हेच खूप. आता मिळेल ते काम मान खाली घालून करायचं.’ या वाक्याची मला धास्ती वाटते, बाळा. मोठ्या संस्थेत वर्षानुवर्षं काम करताना हुशार मुली मागे पडताना मी पाहिल्या, त्या बहुतेक याच वाक्यापाशी. घेतलं हेच खूप, म्हणून पगार तीन महिने आला नाही तरी विचारायचं नाही. घेतलं हेच खूप, म्हणून पेपरवर नाव नसलं तरी बोलायचं नाही. म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

आधी ते ‘मोठं ठिकाण’ कुणाचं ते बघ. त्याची कल्पना जमशेटजी टाटांची, आणि त्यांचा जन्म १८३९ चा, नवसारीचा. आपल्या सचिनच्या फलाटावरून मुंबईकडे निघालं की मरोली येतं आणि मग नवसारी, इतकं जवळ. बंगळुरूत त्या संस्थेला अजूनही कितीतरी लोक ‘टाटा इन्स्टिट्यूट’च म्हणतात. जमशेटजी १९०४ मध्ये गेले, संस्था १९०९ मध्ये उभी राहिली. म्हैसूर दरबारने ३७१ एकर जागा दिली, त्यावर ती वसली. तेव्हा ‘आपल्याकडची माणसं कुठे तिथे’ असं काकू म्हणाल्या तर त्यांना हे सांग.

आणि दुसरं नाव कमला भागवत, लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी. लेखिका दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. त्यांचे वडील आणि काका दोघंही याच संस्थेत रसायनशास्त्र शिकलेले. मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.त पहिली आलेली ही मुलगी १९३३ साली तिथे अर्ज करते आणि संचालक सी. व्ही. रामन नकार देतात, कारण ती मुलगी आहे. ती थेट बंगळुरूला जाऊन उभी राहिली, हटली नाही. शेवटी प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करावं लागेल, आणि प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडवायचं नाही. श्रीनिवासय्या या मार्गदर्शकांच्या हाताखाली तिने दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभरात रामन यांचं मत बदललं, मुलींना दार उघडलं. पुढे कमलाबाई केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम-सी असतं हे त्यांनी दाखवलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली, जेमतेम चाळीस पानांच्या प्रबंधावर. मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालकपदापर्यंत त्या पोहोचल्या.

ही गोष्ट शाळेत सांगतात ती जिद्दीची म्हणून. मला त्यातलं दुसरंच महत्त्वाचं वाटतं. त्या अटी म्हणजे अपमान होता, हे कमलाबाई म्हातारपणीही स्पष्ट सांगायच्या. रामन मोठे शास्त्रज्ञ होते हे त्यांनी कधी नाकारलं नाही, पण प्रवेश दिला म्हणून त्या उपकाराखाली राहिल्या नाहीत. काम मन लावून केलं आणि अन्यायाला अन्याय म्हटलं. तुझ्याकडून मला एवढंच हवं आहे.

आता तिथलं रोजचं जगणं कसं असतं ते सांगते. बाहेरून एकच संस्था दिसते, आत गेलीस की तसं नसतं. आपल्या जीआयडीसीसारखंच आहे ते. फाटकावर पाटी एक, आत प्रत्येक कारखान्याचा शेठ वेगळा, पाळी वेगळी, पगाराची तारीख वेगळी. तुझी लॅब, तुझे सर किंवा मॅडम आणि लॅबमधली पाच-दहा माणसं, हीच तुझी खरी संस्था. म्हणून जायच्या आधी त्या लॅबमधून बाहेर पडलेल्या एखाद्या मुलीला गाठ. आत असलेले बिचारे मोकळं बोलू शकत नाहीत. तिला विचार: रात्री किती वाजेपर्यंत थांबायला लागायचं, सुट्टी मागितली तर चेहरा कसा व्हायचा, पेपरवर नावं कशी लागायची, आणि आधीच्या मुली कुठे गेल्या. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐक.

प्रोजेक्टची नोकरी म्हणजे ग्रँट आहे तोवर नोकरी. प्रोजेक्ट कधी मंजूर झालं, किती वर्षांचं, त्यातली किती उरली, हे पहिल्याच आठवड्यात विचारून घे. यात आगाऊपणा काही नाही. मार्चअखेर जवळ आला की खर्चाचे दाखले, बिलं, खरेदीचे इंडेंट यांची धांदल उडते, आणि पुढचा हप्ता वरून आला नाही की पगार अडकतो. दोन-तीन महिन्यांचं खर्चाचं वेगळं ठेवायला पहिल्या पगारापासून सुरुवात कर. घरी पैसे पाठवशीलच, मला माहीत आहे, पण ते वेगळे काढल्यावर. आणि नेट परीक्षेची तयारी सोडू नकोस. तिच्यातून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली की २०२३ पासून महिना ३७,००० आणि वर घरभाडं मिळतं. मुख्य म्हणजे फेलोशिप तुझ्या नावावर असते, कुणाच्या प्रोजेक्टच्या मेहेरबानीवर नसते.

आता वहीचं. लॅब नोटबुक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे.

बांधणीची वही घे, सुटे कागद नकोत. पानांवर आकडे घाल. पेनानेच लिही. चुकलं तर एक आडवी रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. रोजची तारीख, काय करायचं ठरलं होतं, खरोखर काय केलं आणि काय दिसलं. बाटली उघडलीस तर तिच्यावरचा लॉट नंबर आणि उघडल्याची तारीख. मशीनचा स्लॉट कुणाच्या नावावर होता, फाइल कुठल्या फोल्डरमध्ये ठेवली, तेही. आठवड्यातून एकदा सरांची सही घे. ‘सर, एक सही हवी होती’ म्हणायचं, बस.

माझ्या पहिल्या लॅबमध्ये एका एन्झाइमचे आकडे अचानक घसरायला लागले. मी नवी, प्रोजेक्टवरची, लहान गावातून आलेली. सगळ्यांच्या नजरा माझ्या हातांकडे वळल्या. एक जण तर तोंडावर म्हणाला की पिपेट धरायला शिकवावं लागेल. मी वही उघडली. आकडे ज्या मंगळवारी घसरले, त्याच्या आदल्याच दिवशी सब्स्ट्रेटची नवी बाटली फोडलेली होती, लॉट वेगळा. जुन्या बाटलीच्या तळाशी चिमूटभर उरलं होतं, त्यात पुन्हा मोजलं, आकडे जागेवर आले. खोलीत कुणी काही बोललं नाही, पण त्यानंतर माझे आकडे कुणी दुसऱ्यांदा तपासले नाहीत. तरी पहिल्या पेपरमध्ये माझं नाव शेवटी आभारात आलं. पुढच्या वेळी लेखन सुरू व्हायच्या आधीच मी वही घेऊन सरांसमोर बसले आणि कुठली आकृती माझ्या कुठल्या पानावरून आली ते दाखवलं. नाव तिसरं लागलं. आवाज चढवावा लागला नाही. तूही पेपर लिहून झाल्यावर भांडू नकोस, लिहायच्या आधी विचार: नावांचा क्रम कसा राहील?

आता जे सांगते ते काकांनाही वाचून दाखव, कारण हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. २०२२ च्या जानेवारीत आपल्या सचिन जीआयडीसीत टँकरमधून नाल्यात रसायन सोडलं गेलं आणि त्याच्या वायूने सहा कामगार गेले. रसायन काय करू शकतं हे आपल्याकडच्या घरांना कळतं. मोठ्या विद्यापीठात गेल्यावर मात्र सगळ्यांना वाटतं, इथे शिकलेली माणसं आहेत, इथे काय होणार. २००८ च्या डिसेंबरात लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक तेवीस वर्षांची मुलगी टर्शरी ब्युटाइल लिथियम सिरिंजमध्ये ओढत होती. हे द्रव्य हवा लागताच पेटतं. सिरिंजचा दांडा बाहेर निसटला आणि आग लागली. अंगात लॅब कोट नव्हता, स्वेटर कृत्रिम धाग्याचा होता. अठरा दिवसांनी ती गेली. ती तुझ्यासारखीच होती, रिसर्च असिस्टंट, लागून काही महिनेच झालेले. पुढे प्राध्यापकावर आणि विद्यापीठावर फौजदारी खटला उभा राहिला, पण मुलगी गेली ती गेलीच. तू चाललीस त्या संस्थेतही २०१८ च्या डिसेंबरात सिलिंडरच्या स्फोटात एक तरुण संशोधक गेला.

तर कपड्यांचं ऐक. तू सुरतची, तुझ्या कपाटात सगळे पॉलिएस्टरचे ड्रेस, ओढणीसकट. ते आगीत वितळून कातडीला चिकटतं. जायच्या आधी काकूंना घेऊन चार सुती कुर्ते आणि दोन जीन्स घे. ओढणी लॅबच्या बाहेर राहील, केस बांधलेले, पायात बंद बूट. पहिल्या दिवशी शॉवर कुठे, डोळे धुवायचा नळ कुठे, आग विझवायचं यंत्र कुठे, ते स्वतः चालत जाऊन बघ. कुणी सीनिअर म्हणाला की ‘आम्ही हे असंच करतो, काही होत नाही’, तर त्या दिवशी ते काम करू नकोस. पेटणाऱ्या द्रव्याचं काम एकटीने रात्री तर कधीच नाही.

बाईमाणसाचं म्हणून एक आहे, ते काकूंसमोर बोलता येणार नाही म्हणून इथे लिहिते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक संस्थेत अंतर्गत समिती असावी लागते, तिच्या प्रमुख ज्येष्ठ महिला असतात, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. करारावरच्या मुलीलाही तिथे जाता येतं. तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत. समितीला कारण पटलं तर आणखी तीन महिने मुदत वाढवता येते. परिषदेला बाहेरगावी नेणं, रात्री उशिरा मेसेज, काम समजावायच्या निमित्ताने घरी बोलावणं, यातलं काही खटकलं तर त्याच रात्री तारीख-वेळ घालून लिहून ठेव आणि मेसेज पुसू नकोस. तक्रार करायची की नाही हे नंतर ठरव. लिहिणं त्याच दिवशी व्हायला हवं. आणि मला फोन, कितीही वाजले असले तरी.

इंग्रजीची भीती वाटते म्हणालीस. सेमिनारला पहिल्या रांगेत फाडफाड बोलणारी मुलं दिसतील. तू घरी अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती, मिलच्या कारीगरांशी हिंदी बोलत मोठी झालीस, आता कन्नडही कानावर पडेल आणि चार महिन्यांत मेसमधल्या अण्णांशी बोलायला लागशील. सेमिनारमध्ये एकच प्रश्न विचार, आधी कागदावर लिहून, एका वाक्याचा: ‘कंट्रोल काय होता?’ हा प्रश्न कुठल्याही विषयात चालतो आणि बहुतेकदा नेमक्या जागी लागतो.

तिथे खूप सुंदरही आहे गं. मी सगळं भीतीचंच सांगत बसले असं नको वाटायला. रोज कुठल्या ना कुठल्या विभागात व्याख्यान असतं, आणि दारावर तुझं ओळखपत्र बघून कुणी परत पाठवत नाही. आठवड्यातून एकदा स्वतःचा विषय सोडून दुसरीकडे जा. मुंग्यांवर, भूकंपावर, ताऱ्यांवर. मी असंच एकदा पावसाळ्यात चुकार ढगांवरचं व्याख्यान ऐकायला गेले होते. बोलणाऱ्या बाई साठीच्या असतील, फळ्यावर खडूने ढगाच्या आतला वारा काढत होत्या आणि काढता काढता थांबून स्वतःशीच म्हणाल्या, हे मला अजून कळलेलं नाही. इतकं शिकलेलं माणूस भरल्या सभागृहात असं म्हणू शकतं, हे मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. अशी माणसं तिथे भेटतात. आणि स्टोअर्सचे बाबू, काचेची उपकरणं फुंकून देणारे कारीगर, मशीनवरचे तंत्रज्ञ, यांच्याशी पहिल्या दिवसापासून नावाने आणि ‘तुम्ही’ म्हणून बोल. मशीनचा आवाज बदलला की आधी त्यांना कळतं, प्रोफेसरांना नंतर.

काकूंना लग्नाची काळजी आहे, ती मी बघते. पुढे पीएच.डी. लागली तर यूजीसीच्या नियमात मुलींना बाळंतपण आणि संगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे आणि प्रबंधाला दोन वर्षं वाढीव मिळतात. त्यांना एवढंच सांग की शिकणं आणि संसार यात एकच निवडावं लागत नाही.

काकांनी पाठवलेल्या फोटोत दुसरं पान अर्धं कापलं गेलंय. घरभाड्याचा भत्ता, औषधपाण्याची सोय आणि नोटिशीची मुदत मला दिसली नाही. सही करून पाठवू नकोस. रविवारी दुपारी मूळ कागद घेऊन बस आणि फोन कर. आपण दोघी ओळ न् ओळ वाचू आणि जे कळणार नाही ते संस्थेला ईमेलने विचारू. मजकूर तू लिही, मी फक्त बघेन.