क्लच जड झाला? आधी तपासा, मग केबल बदला

कापडाचे गठ्ठे, पाव-अंडी, मासळी अशी कितीतरी छोट्या व्यापाऱ्यांची ने-आण आज मोटारसायकलवर चालते. बाजाराच्या गर्दीत क्लच सारखा दाबावा लागतो. तो जड झाला तर संध्याकाळी मनगट दुखते आणि घाटात केबल तुटली तर त्या दिवसाची रोजी बुडते. गॅरेज चालविणाऱ्या कारागीर बंधूंनी आणि गाडी वापरणाऱ्यांनीही हे काम नीट समजून घ्यावे.

तपासणी : इंजिनवरच्या क्लच आर्ममधून केबलचे खालचे टोक सोडवावे. आता लिव्हर हलकी चालली तर दोष केबलचा नाही, तो आर्म किंवा क्लचमध्ये आहे. नवी केबल घालून उपयोग होणार नाही. लिव्हर अजून जडच असेल तर ॲडजस्टर, लॉकनट व लिव्हरच्या खाचा एका रेषेत आणून वरचा निपल काढावा. नुसती लिव्हर अडकत असेल तर तिचा बोल्ट साफ करून थोडे ग्रीस लावावे. आतली तार अडकत असेल तर दोष केबलचा.

तेल घालणे : प्लास्टिक पिशवीचा कोपरा किंचित कापून केबलच्या वरच्या टोकाला घट्ट बांधावा. त्यात दोन-तीन चमचे इंजिन ऑईल ओतून केबल उभी टांगावी व तार वरखाली करावी. आधी काळे तेल गळेल. स्वच्छ तेल येईपर्यंत थांबावे. जाड ग्रीस आत शिरत नाही, उलट तोंडाशी धूळ धरते. आत नायलॉनची नळी असलेल्या केबलला तेल घालण्यापूर्वी कंपनीची पुस्तिका पाहावी.

बदलणे : तारेचा एक जरी धागा तुटला असेल, आवरण दबले किंवा फाटले असेल, निपल सैल असेल तर तेलाने वेळ मारून नेऊ नये. त्याच मॉडेलची केबल घ्यावी. जुन्या केबलला दोरी बांधून ती ओढून काढावी. त्याच दोरीने नवी केबल जुन्याच वाटेने जाते. कुठेही तीव्र वळण नको.

मोकळी चाल : अनेक १०० सीसी गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मि.मी. मोकळी चाल ठेवतात. नेमका आकडा पुस्तिकेत पाहावा. चाल मुळीच नसेल तर क्लच घसरून प्लेटा जळतात. फार असेल तर गिअर अडखळतो, न्यूट्रल सापडत नाही. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून चाल बदलत नाही ना, ते पाहावे. नवी केबल काही दिवसांत बसते, म्हणून गिऱ्हाइकाला पुन्हा एकदा बोलवावे.

तेलाने भागत असेल तर तेलाचेच पैसे घ्यावेत. केबल बदलली तर जुनी गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी. आज चार पैसे कमी मिळतील, पण तोच माणूस उद्या शेजाऱ्याची गाडी घेऊन तुमच्याच दारी येईल.