कॅडेट पायलट व्हायचंय, सुरुवात कुठून?

प्रश्न : मुलगी गणित-भौतिकशास्त्र घेऊन बारावी झाली. विमान कंपन्यांच्या कॅडेट पायलट निवडीची तयारी कशी करावी? – एक पालक, वडोदरा

उत्तर : शुल्क भरण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची (डीजीसीए) मान्यता असलेल्या डॉक्टरांकडून वर्ग २ची आणि पुढे वर्ग १ची वैद्यकीय तपासणी करून घ्या. दृष्टी किंवा रंगओळखीचा दोष तेव्हाच कळतो. अभियोग्यता चाचणीत तोंडी गणित, एकाग्रता आणि हात-डोळ्यांचा मेळ पाहतात, त्यामुळे घोकंपट्टी उपयोगी नाही. रोज वेळ लावून सराव हवा. गटचर्चा, मुलाखतीसाठी तिला इंग्रजीत मोकळेपणी बोलू द्या. हरणी विमानतळावरच्या गुजरात फ्लाइंग क्लबमधल्या प्रशिक्षकांना भेटा. व्यावसायिक परवान्याला २०० तास उड्डाण लागतं. त्याचा खर्च मोठा असतो, म्हणून कर्ज काढण्यापूर्वी विमान कंपनीसोबतच्या करारातल्या नोकरी आणि परताव्याच्या अटी नीट वाचा.