यादीत शेवटी उरणाऱ्या

पुणे, आषाढ

चि. सोनीस,


वॉर्डची इन्चार्ज झालीस, फार आनंद झाला. तुझ्या आईने पाठवलेले पेढे पोचले. फोनवर तू म्हणालीस, ‘आत्या, पगारात विशेष फरक नाही, ड्युटी लावायचं काम तेवढं वाढलं.’ मला विचारशील तर पगारापेक्षा हे कामच भारी आहे, कारण ड्युटी लावणं म्हणजे न्याय करणंच. फोनवर तू सदा घाईत असतेस, म्हणून लिहायला बसले.

आपल्याकडे न्यायाचा विषय निघाला की रामशास्त्री प्रभुणे आलेच. 1773 साली नारायणरावाचा खून झाला आणि रामशास्त्र्यांनी रघुनाथरावाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, ही गोष्ट शनिवारवाड्यावरून जाताना पुण्यातल्या प्रत्येक पोराला ऐकावी लागते. गोष्ट मोठीच आहे, पण तिचा आपल्याला उपयोग थोडा. पेशव्याला जाब विचारायची वेळ तुझ्यामाझ्यावर येत नाही. शिवाय तसल्या वेळी सगळं गाव बघत असतं, माणूस पदर खोचून उभा राहतो. आपली वेळ येते ती दुपारी जेवण झाल्यावर, पुढच्या आठवड्याची यादी भरताना. कोणी बघत नसतं, डोळ्यांवर झापड असते. कोणाला नाइट, कोणाला रविवारचा ऑफ, कोणाला बेडसोअरवाला पेशंट, एवढंच तर ठरवायचं असतं.

म्हणून मला या बाबतीत रामशास्त्र्यांपेक्षा घाशीराम कोतवाल जवळचा वाटतो. दचकू नकोस.

तेंडुलकरांचं त्याच्यावरचं नाटक क्षणभर बाजूला ठेव. 1972च्या डिसेंबरात ते भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झालं आणि पुण्यात केवढा गदारोळ उठला ते आमच्या पिढीला माहीत आहे, पण ते नाटक आहे. खरा घाशीराम नाना फडणविसांनी नेमलेला शहर कोतवाल. 1791च्या ऑगस्टात श्रावणातल्या दक्षिणेसाठी पुण्यात आलेले काही तेलंगी ब्राह्मण त्याच्या बागेत शिरले, म्हणून त्यांना धरून एका खोलीत कोंडलं. खोली लहान, माणसं पुष्कळ. सरदार मानाजी फाकड्यांनी कुलूप फोडलं तेव्हा आत बरेच जण गुदमरून मेलेले होते. मग लोक खवळले, नानांना आपलाच कोतवाल लोकांच्या हवाली करावा लागला आणि लोकांनी त्याला दगडांनी ठेचून मारलं.

शेवट सगळ्यांच्या लक्षात राहतो. मी विचार करते तो त्या कुलपाचा. त्या माणसांना मारा असा हुकूम वरून आलेला नव्हता. कुलूप लावणारा होता, किल्ली सांभाळणारा होता, पहाऱ्यावर उभा राहणारा होता. त्यांतल्या प्रत्येकाने आपापलं काम केलं असेल. आत माणसं किती मावतात हे बघणं मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हतं. आणि आत होते ते परगावचे, परक्या भाषेचे. पुण्यातल्या ओळखीपाळखीच्या घरातला एक जरी त्यांत सापडला असता तरी तासाभरात कोणाचा तरी निरोप गेला असता आणि दार उघडलं असतं. हा माझा तर्क, पण चाळीसेक वर्षं वॉर्डात काढून आलेला तर्क आहे.

तुझ्या वॉर्डात कोण कोण आहेत ते बघ. पेठांतल्या दोघीतिघी, घरचा गणपती असलेल्या. कोकणातल्या एकदोघी, त्यांची गाडीची तिकिटं आधीच काढून झालेली. लातूर-नांदेडकडच्या नव्या मुली, हॉस्टेलवर राहणाऱ्या. केरळच्या सिस्टर. आणि कॉन्ट्रॅक्टवरच्या मावशी. आता श्रावण लागायच्या आत तुझ्या टेबलाशी येऊन कोण कोण थांबतं ते मोज. पेठांतल्या येतील, कोकणातल्या येतील. त्यांचं चुकत नाही, मागितल्याशिवाय मिळत नाही हे त्या शिकलेल्या आहेत. केरळची सिस्टर येणार नाही. ‘तुमच्याकडे कुठे गणपती असतो’ म्हणून तिला पाच दिवस नाइट लागेल. डिसेंबरात तिचा नाताळ येईल, तेव्हा मागणारी ती एकटीच असेल, आणि एकटीसाठी यादी कोण फिरवणार? अशी एखादी सिस्टर वर्षानुवर्षं दोन्ही सणांना ड्युटीवर सापडते. कोणी तिच्यावर मुद्दाम अन्याय केलेला नसतो. ती फक्त बोललेली नसते.

हॉस्टेलच्या मुलींचं तर विचारूच नकोस. अनंत चतुर्दशीला मंडईपासून मिरवणूक निघाली की दुसऱ्या दिवशीपर्यंत लक्ष्मी रोड, टिळक रोड, केळकर रोड सगळं बंद. कोथरूडच्या सिस्टरचा फोन येतो, ‘पोचू शकत नाही.’ खरंच पोचता येत नाही. मग डबल ड्युटी कोणाला? आवारात राहणाऱ्या मुलीला, कारण तिला चालत येता येतं. शिवाय तिला नवरा नाही, मूल नाही. लग्न झालेलं नाही ही जणू तिने घेतलेली रजाच. यावर उपाय अवघड नाही. नदीपलीकडच्या दोघींनी त्या दिवशी रस्ते बंद व्हायच्या आत येऊन मुक्काम करायचा, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या दोघींनी. पण हे महिनाभर आधी कोणीतरी सुचवावं लागतं, आणि सुचवलं की वाईटपणा येतो. तो वाईटपणा घेण्याचेच तुला ते थोडे जास्तीचे पैसे मिळतात.

मी तुला एकच सवय सांगते. यादी भरायला बसलीस की मागितलेल्या रजा आधी टाकून मग उरलेल्या जागी उरलेली नावं बसवू नकोस. सगळ्याजणी तसंच करतात, आणि तिथेच पाणी मुरतं. ज्या कधीच काही मागत नाहीत त्यांची नावं आधी लिही. मागच्या दिवाळीत त्या कुठे होत्या, मागच्या चार रविवारी कुठे होत्या, ते जुन्या यादीवरून बघ. त्यांची सोय लावून मग मागणाऱ्यांकडे वळ. दोन महिने बोंब होईल, नंतर बसते घडी.

रजेच्या मागणीची वही टेबलावर उघडी ठेव. कानात सांगितलेली मागणी धरायची नाही, मग ती कितीही खरी असो. आणि यादी ड्रॉवरमध्ये ठेवून एकेकीला बोलावून सांगणं बंद कर. महात्मा फुल्यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात गोऱ्या साहेबाइतकाच खालच्या कारकुनाचा समाचार घेतला आहे. साहेब लांब, कारकून समोर, आणि कागद वाचता येतो तो कारकुनालाच. अडलेला माणूस त्याच्या तोंडाकडे बघत बसायचा. आपल्याकडे वाचता सगळ्यांना येतं, पण कागदच दिसला नाही तर वाचता येऊन काय उपयोग? यादी भिंतीवर लागली की निम्मी खुशामत आपोआप थांबते. डबे येणंही कमी होईल, त्याची मनाची तयारी ठेव. साबुदाणा वड्यांवर तुझा जीव आहे म्हणून आधीच सांगून ठेवते.

आता तू विचारलेली गोष्ट. बाळंतपणाहून परतलेल्या तुझ्या मैत्रिणीला नाइट लावू की नको? लोक म्हणतील मैत्रीण म्हणून सूट दिली, या भीतीने तू तिला मुद्दाम पहिल्याच आठवड्यात नाइट लावायला निघालीस. हाही अन्यायच, फक्त उलट बाजूचा. स्वतःचं नाव चोख राहावं म्हणून दुसरीला भरडायचं, याला न्याय म्हणत नाहीत. 2017 पासून कायद्याने 26 आठवड्यांची पगारी रजा मिळते, ती देणारी तू नव्हेस. मूल 15 महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा त्याला पाजायला जाण्याची सुट्टीही कायद्यातच आहे, तीही तुझ्या मेहेरबानीवर नाही. पण सकाळी अकराच्या राउंडला डॉक्टर उभे असताना ती घड्याळाकडे बघत थांबली आहे, तेव्हा ‘जा तू, मी बघते’ म्हणणं तुझ्याच हातात आहे. कायदा वॉर्डच्या दारापर्यंत येतो. आतलं बघायला तूच.

तिला सूट दे, पण कारण वहीत लिहून दे: मूल लहान, अमुक महिन्यापर्यंत नाइट नाही. मग जिच्याशी तुझं पटत नाही, जी जेवताना तुझ्या नकला करते, ती उद्या तेच कारण घेऊन आली तर पान उलटून तिलाही तेवढेच महिने द्यायचे. हाताला जड जाईल. कॉन्ट्रॅक्टवरच्या मावशीलाही हेच लागू, आणि तिथे तुला वरच्यांशी भांडावं लागेल, कारण त्यांच्या हिशेबात मावशी माणूस नसते, नग असते.

आणखी एक. तू कशी वागतेस ते तुझ्या खालचे बघत असतात. भेटीच्या वेळी दारावर उभा असलेला वॉचमन सुटाबुटातल्या माणसाला पास न बघता सोडतो, आणि सोलापूरकडून रात्रभर एस.टी.ने आलेल्या म्हातारीला ‘चार वाजता ये’ म्हणून फुटपाथवर बसवतो. त्याला तसं करायला कोणी सांगितलेलं नसतं. वरचे कोणाशी कसं बोलतात ते तो रोज ऐकतो. कधी उतरून त्या म्हातारीला तू स्वतः आत घेऊन ये. वॉचमनला काही बोलायची गरज नाही.

स्वतःबद्दलही सांगते. इन्चार्जला नाइट नसते ही तुमच्याकडची पद्धत आहे, ती मोडून हुतात्मा होऊ नकोस. सकाळी वॉर्डात तू असणं गरजेचं आहे. पण रजेच्या वहीत तुझं नावही इतरांसारखंच, तारखेसकट येऊ दे. गौरीला तुला माहेरी यायचंय हे मला माहीत आहे, तुझ्या आईने दोनदा सांगितलं. वहीत लिही. तुझ्या आधी तिघींनी तीच तारीख मागितली असेल तर या वर्षी आम्ही तुझ्याकडे येऊ. सवाष्ण तुझ्याच घरी जेवेल, पुरणाचं मी घेऊन येईन.

गणपतीची यादी लावलीस की फोटो पाठव. मी आधी खालची नावं वाचणार आहे.

तुझी
आत्या