तर, तरच आणि तरी : भेद, बदल आणि विधानांचे तर्कशास्त्र

'भाऊ आला तर ती जाईल', 'भाऊ आला तरच ती जाईल' आणि 'भाऊ आला तरी ती जाईल' ही तीन वाक्ये परस्परांपासून एखाद्या अक्षराने वा वेलांटीने वेगळी आहेत. मराठी भाषकाला त्यांच्या अर्थांतील फरक शिकवावा लागत नाही. व्याकरणाच्या पाठ्यपुस्तकांतून मात्र 'जर-तर' आणि 'जरी-तरी' ही जोडपी 'संकेतबोधक उभयान्वयी अव्यये' या एकाच शीर्षकाखाली शेजारी शेजारी मांडलेली आढळतात. एका घटनेवर दुसरी अवलंबून आहे असे सांगणारे अव्यय आणि ती अवलंबून नाही असे सांगणारे अव्यय एकाच वर्गात बसवले जावे, ही गोष्ट वर्गीकरणाच्या दृष्टीने समाधानकारक म्हणता येणार नाही. हा फरक काटेकोरपणे कोणत्या परिभाषेत सांगता येईल, असा प्रश्न येथे उपस्थित होतो.

विधानीय तर्कशास्त्राचा आधार घेण्याचा विचार साहजिकच प्रथम सुचतो. तेथे घटकविधानांना 'सत्य' वा 'असत्य' यांपैकी एक मूल्य असते आणि संयुक्त विधानाचे मूल्य सत्यता-कोष्टकाने ठरते. 'भाऊ येणे' यास क आणि 'तिचे जाणे' यास ख म्हणावे. 'क तर ख' हे विधान क सत्य व ख असत्य असतानाच असत्य ठरते. 'क तरच ख' हे क असत्य व ख सत्य असतानाच असत्य ठरते. 'क तरी ख' या वाक्यातून भाऊ येवो वा न येवो, ती जाईल, एवढेच निघते. म्हणजे त्याचे कोष्टक केवळ ख चे कोष्टक होय. तीन कोष्टके वेगळी आहेत, हे खरे. परंतु कोष्टक म्हणजे चार स्थितींची स्थिर यादी. एका स्थितीतून दुसरीकडे जाताना काय घडते, कोणत्या घटकाचा बदल संपूर्ण विधानाला जाणवतो आणि कोणत्या घटकाचा जाणवत नाही, याविषयी ती यादी स्वतः होऊन काही बोलत नाही. 'तर' आणि 'तरी' यांचा विरोध नेमका तेथेच आहे.

या ठिकाणी उपयोगी पडणारे साधन म्हणजे 'बूलीय भेद'. त्याची व्याख्या सोपी आहे. संयुक्त विधानातील इतर सर्व घटक आहेत तसे ठेवावेत आणि एकच घटक सत्याचा असत्य, वा असत्याचा सत्य करावा. त्यामुळे संपूर्ण विधानाचे मूल्य पालटले तर त्या स्थितीत त्या घटकापुरता भेद १. न पालटले तर ०. अंकगणितातील वजाबाकीची जागा येथे 'दोन मूल्ये भिन्न आहेत काय' या प्रश्नाने घेतली आहे. मूल्ये दोनच असल्याने यापेक्षा सूक्ष्म वजाबाकी संभवतही नाही.

या कल्पनेची पूर्वपीठिका जॉर्ज बूल याच्यापर्यंत जाते. १८४७ च्या आपल्या तर्कविषयक ग्रंथात तर्कफलनाचा विस्तार करताना त्याने कलनशास्त्रातील मॅक्लॉरिनच्या विस्तारसूत्राचा आधार घेतला होता. विकलक समीकरणांवर आणि सान्त भेदांच्या कलनावर त्याचे ग्रंथ अनुक्रमे १८५९ व १८६० मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि तर्कफलनाच्या भेदाला कामाच्या साधनाचे रूप आले ते विसाव्या शतकात, आणि तेही तत्त्वज्ञांच्या हातून नव्हे. क्लॉड शॅनन याने १९३८ मध्ये विद्युत्-मंडलांना बूलचे बीजगणित लावून दाखवले. पुढे १९५४ मध्ये रीड व मुलर यांनी, १९५९ मध्ये एकर्स याने या दिशेने काम केले, आणि १९६८ मध्ये सेलर्स, स्याओ व बेअर्नसन यांनी मंडलातील दोष शोधण्यासाठी या भेदाचा उपयोग केला. तारेतील बिघाड बाहेर केव्हा दिसेल? त्या तारेच्या मूल्यातील बदल शेवटच्या दिव्यापर्यंत पोहोचेल तेव्हाच, म्हणजे भेद १ असेल तेव्हाच. वाक्यातील एखाद्या उपवाक्याविषयीही हाच प्रश्न विचारता येतो.

तो आपल्या तीन वाक्यांना विचारून पाहावा. 'क तर ख' यात क पालटल्याने विधान केव्हा पालटते? ती गेली असेल तर भाऊ आला काय, न आला काय, विधान सत्यच राहते. ती गेली नसेल तर मात्र भावाच्या येण्यावर सारे अवलंबून राहते. म्हणून क पुरता भेद म्हणजे 'ख नाही'. 'क तरच ख' यात नेमके उलट होते : ती गेली नसेल तर विधानाला धोका नाही, ती गेली असेल तरच भाऊ आला होता की नाही हे तपासावे लागते. येथे क पुरता भेद म्हणजे 'ख'. 'क तरी ख' यात क कितीही वेळा पालटला तरी काही होत नाही. भेद सर्वत्र ०. आणि 'तर' व 'तरच' ही दोन्ही बंधने एकत्र आणली, म्हणजे भाऊ आला तर आणि तरच ती जाणार असेल, तर भेद सर्वत्र १. एका टोकाला पूर्ण अवलंबन आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण निरवलंबन. मधल्या प्रदेशाचे दोन अर्ध 'तर' आणि 'तरच' यांनी वाटून घेतले आहेत. संकेतबोधक या वर्गाची अंतर्गत रचना यापेक्षा स्पष्टपणे मांडता येणे कठीण आहे.

एक आक्षेप येथे अवश्य संभवतो. 'भाऊ आला तरी ती गेली' या भूतकालीन वाक्यात दोन्ही घटना घडलेल्या आहेत; सत्यतेच्या दृष्टीने ते 'भाऊ आला आणि ती गेली' याहून वेगळे नाही. मग तेथे भेद ० कसा? 'आणि'मध्ये क पुरता भेद ख इतकाच असतो. आक्षेप योग्य आहे, आणि त्यातूनच 'तरी'चे वैशिष्ट्य हाती लागते. हे वाक्य दोन घटना सांगते आणि त्याशिवाय एक अपेक्षा खोडून काढते. भाऊ आल्यावर ती थांबेल, अशी कोणाची तरी, बहुधा श्रोत्याची, समजूत होती. भावाच्या येण्याने तिच्या जाण्यात बदल घडायला हवा होता, तो घडला नाही. 'तरी'ने नाकारलेला भेद घडलेल्या स्थितीच्या शेजारी असलेल्या, न घडलेल्या स्थितीशी तुलना करूनच कळतो. केवळ घडलेले तेवढेच पाहणाऱ्या कोष्टकाच्या ओळीत तो सापडणार नाही.

न घडलेल्या स्थितीचा विषय निघाला की 'भाऊ आला असता तर ती गेली असती' या प्रकारच्या वाक्यांकडे वळणे भाग आहे. मराठीत त्यांसाठी क्रियापदाचे स्वतंत्र रूपच आहे, आणि जुन्या व्याकरणकारांनी त्याला 'संकेतार्थ' हे नाव देऊन त्याची दखल घेतली, हे त्यांच्या सूक्ष्म दृष्टीचे गमक होय. भाऊ आला नाही, ती गेली नाही, हे दोघांनाही ठाऊक आहे. सत्यता-कोष्टकानुसार 'क तर ख' हे विधान अशा वेळी आपोआप सत्य असते. पण 'भाऊ आला असता तर सूर्य पश्चिमेला उगवला असता' हेही तितकेच सत्य ठरते! तर्कशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात खटकणारी ही बाब आहे.

भेदाच्या भाषेत या वाक्याचे काम काहीसे उलगडते. क आणि ख दोन्ही असत्य अशा स्थितीत उभे राहून एकटा क पालटला, तर 'क तर ख' असत्य होते. ते सत्य राखायचे तर ख लाही सोबत पालटावे लागते. 'आला असता… गेली असती' या जोडीतून वक्ता दोन असत्ये सांगत नाही. दोन बदलांची बांधणी सांगतो. ही बांधणी खरोखर आहे की नाही, भावाच्या येण्याने तिचे जाणे खरेच घडले असते काय, हे अर्थात एवढ्या बीजगणिताने ठरत नाही. त्यासाठी रॉबर्ट स्टॉलनेकर (१९६८) आणि डेव्हिड लुईस (१९७३) यांनी संभाव्य जगतांची कल्पना वापरली. बूलीय भेद त्या सिद्धान्तांची जागा घेऊ शकत नाही. प्रश्न कोठे आहे एवढे तो दाखवतो.

एकाच वेळी दोन घटक पालटण्याचा मुद्दा आणखी एका कारणासाठी लक्षणीय आहे. कलनशास्त्रात गुणाकाराचा नियम सांगताना दोन अत्यल्प बदलांचा परस्पर गुणाकार नगण्य म्हणून सोडून देतात. तर्कशास्त्रात अत्यल्प बदल नसतोच. बदल होतो तो पूर्ण होतो. त्यामुळे 'क आणि ख' यातील एकूण बदलाचा हिशेब करताना क चा स्वतंत्र परिणाम, ख चा स्वतंत्र परिणाम आणि दोहोंच्या एकत्र बदलाचा परिणाम, असे तीन अंश ठेवावे लागतात. दोन्ही असत्य असताना एकेकाला पालटून काही घडत नाही, दोघांना मिळून पालटले तरच विधान सत्य होते. एकेक उपवाक्य बदलून अर्थ तपासण्याची वर्गातील पद्धत येथे अपुरी पडते, हे अध्यापकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

भेदाची ही संकल्पना साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित वाटू नये. सोस्यूरच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतून भाषेत भेदच असतात, हा विचार पुढे आला आणि संरचनावादाच्या द्वारे मराठी समीक्षेतही तो रुजला. त्याच्याही बऱ्याच आधी पतंजलीने महाभाष्यात प्रकृती आणि प्रत्यय यांचे अर्थ वेगळे काढण्यासाठी अन्वय-व्यतिरेकाची रीत वापरली होती. 'वृक्षः' आणि 'वृक्षौ' ही रूपे शेजारी ठेवली असता ध्वनीचा एक अंश जातो, एक येतो, एक टिकतो. तसेच अर्थातही एकत्व जाते, द्वित्व येते आणि झाड टिकते. जे ज्याच्यासोबत जाते-येते ते त्याचे, असा निष्कर्ष.

परंतु या तिन्ही गोष्टी एकच आहेत असे घाईने म्हणणे चुकीचे ठरेल. बूलीय भेदाचा एक गुणधर्म येथे निर्णायक आहे : कोणत्याही विधानाचा भेद आणि त्याच्या निषेधाचा भेद समान असतो. 'भाऊ आला तर ती जाईल' आणि 'भाऊ आला तर ती जाईल असे नाही' या दोहोंत क चा बदल नेमक्या त्याच स्थितीत जाणवतो. म्हणजे केवळ भेद हाती असेल तर होकार कोणता आणि नकार कोणता हे सांगता येत नाही. मूळ विधान परत मिळवायचे असेल तर भेदासोबत एखाद्या तरी स्थितीतील प्रत्यक्ष मूल्य माहीत असावे लागते. क असत्य असतानाचे मूल्य घ्यावे, क सत्य झाल्यास त्यात भेद मिळवावा, म्हणजे विधान पूर्ण होते. आधाराचे एक मूल्य आणि भेद, दोन्ही हवेत.

अन्वय-व्यतिरेकात हा आधार मुळातच समाविष्ट आहे. असता असणे हा अन्वय, नसता नसणे हा व्यतिरेक. दोन्ही टोकांची मूल्ये त्यात सांगितलेली असतात, नुसता फरक नव्हे. 'असता नसणे आणि नसता असणे' यातही भेद १ च येतो, पण त्याला कोणी अन्वय म्हणणार नाही. सोस्यूरच्या बाबतीतही त्याच्या विधानाचा उत्तरार्ध अनेकदा गाळला जातो. ध्वनिरूप आणि अर्थरूप वेगवेगळे घेतले तर केवळ भेद उरतात. पण दोहोंच्या संयोगाने सिद्ध होणारे संपूर्ण चिन्ह हे भावरूप आहे, असे त्याने म्हटले आहे. सारे काही भेदच आहे असे सांगणाऱ्या समीक्षालेखनात हा उत्तरार्ध सहसा भेटत नाही, आणि मग संहितेने होकार दिला की नकार, हेही दुय्यम मानले जाऊ लागते. चार ओळींच्या कोष्टकातही जे शक्य नाही ते कादंबरीच्या बाबतीत शक्य असल्याचे गृहीत धरण्यास काही आधार दिसत नाही.

भेदाकडून बदलाकडे, म्हणजे कालिक परिवर्तनाकडे वळले की 'तर' आणि 'तरी' यांचा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहतो. आजच्या मराठीत स्थिर झालेला हा विरोध जुन्या मराठीत याच स्वरूपात नव्हता. ज्ञानेश्वरीत 'जरी' हे आजच्या 'जर'च्या आणि 'तरी' हे आजच्या 'तर'च्या अर्थाने विपुल आढळते. ओवीच्या आरंभी येणारे 'तरी' तर पुष्कळदा नुसते बोलणे पुढे नेण्याचे काम करते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी आजच्या सवयीने ते वाचतो, तेव्हा जेथे कवीला पूर्ण अवलंबन अभिप्रेत आहे तेथे भेद ० समजून बसतो, आणि ओवीचा अर्थ उलटा होतो. अशा ठिकाणी कोशातील अर्थांची यादी देण्यापेक्षा पहिल्या चरणातील घटना मनात पालटून पाहण्यास सांगावे : ती घडली नाही असे धरले, तर पुढच्या चरणातील विधान तसेच राहते की डळमळते? डळमळत असेल तर ते 'तरी' आजचे नव्हे.