गणिताच्या सरांना जादा का द्यायचं?

प्रश्न : आमच्या मुलाच्या कनिष्ठ महाविद्यालयातले फिजिक्सचे सर दिवाळीनंतर परतलेच नाहीत, एका क्लासमध्ये रुजू झाले. आता तासिका तत्त्वावर कोणी ना कोणी येतं, कधी येतही नाही. पालकसभेत एकाने सुचवलं की गणित-विज्ञानाच्या शिक्षकांना वेगळा भत्ता द्या. त्यावर मराठीच्या बाई उसळल्या, 'विषयाप्रमाणे मोल करायची रीत आपल्याकडे कधीच नव्हती.' तुम्ही तंजावरच्या मराठी राजांवर लिहीत असता. तिकडे शिक्षकांना कसं देत? आणि अशा भत्त्याने काही साधतं का?
— एक पालक, सांगली

उत्तर : बाईंचा राग मी समजू शकतो, पण रीत नव्हती हे काही खरं नाही. तमिळ मुलखातच तिचा हजार वर्षांपूर्वीचा दाखला दगडावर कोरलेला आहे. तंजावरच्या चोळांपैकी राजेंद्र चोळाच्या काळात, आज विळुप्पुरम जिल्ह्यात असलेल्या एण्णायिरम गावी, देवळाच्या उत्पन्नावर एक पाठशाळा चालत असे. विद्यार्थी ३४० आणि शिकवणारे १४. प्रत्येकाला रोज किती भात मोजून द्यायचा, हे शिलालेखात लिहिलं आहे. वेद म्हणून घेणाऱ्याला कमी, व्याकरण शिकवणाऱ्याला रोज एक कलम (भात मोजायचं माप), वेदान्तवाल्याला त्याहून तिसरा हिस्सा जास्त. शिवाय व्याकरणाच्या गुरुजींना दर अध्यायामागे एक कळंजु सोनं. अध्याय आठ, म्हणून कळंजुही आठ. म्हणजे तासिका तत्त्वसुद्धा आपण समजतो तितकं नवं नाही. फरक इतकाच की त्या गुरुजींचा रोजचा भात पक्का होता, सोनं वरचं.

आता मराठी राजे. सरफोजी दुसऱ्यांनी १७९९च्या तहाने राज्यकारभार कंपनीकडे सोपवला. हाती उरला किल्ला, ठरलेली नेमणूक आणि वसुलाचा पाचवा हिस्सा. त्यातून त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, देवनागरी छापखाना घातला, 'नवविद्या कलानिधी' या नावाने शाळा चालवली. पण तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यांची छत्रं जास्त महत्त्वाची. छत्र म्हणजे वाटसरूंना मुक्काम आणि जेवण देणारी धर्मशाळा. १८०१ साली कंपनीच्या रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात राजेसाहेब सांगतात की प्रत्येक छत्रात चार वेदांचे अध्यापक आहेत, एक पंतोजी आहे, वैद्य आहेत; परक्या वाटसरूंची पोरकी मुलं पंतोजींच्या हवाली केली जातात, त्यांना तीन वेळा जेवण मिळतं आणि चार दिवसांतून एकदा तेल लावून न्हाऊ घातलं जातं. हे वाचताना आपलं लक्ष मुलांच्या तेलाकडे जातं, पण पंतोजीकडे बघा. त्याचं पोट पोरांच्या फीवर नाही, छत्राच्या इनामावर. पीक बुडालं आणि गावकऱ्यांनी पोरं काढून घेतली तरी त्याची चूल पेटणार.

गावोगावच्या इतर पंतोजींचं तसं नव्हतं. मद्रासचा गव्हर्नर थॉमस मन्रो याने १८२२मध्ये सगळ्या इलाख्यातल्या शाळा मोजायला सांगितलं. एकट्या तंजावर जिल्ह्यात ८८४ शाळा आणि १०९ पाठशाळा निघाल्या. म्हणजे शाळांचा दुष्काळ नव्हता. मार्च १८२६च्या टिपणात मन्रोने नेमकं दुखणं सांगितलं : शिक्षकाला महिन्याला जेमतेम सहा-सात रुपये सुटतात, तेवढ्यावर लायक माणूस या धंद्यात येणार नाही. त्याने सुचवलं की जिल्ह्याच्या शाळेतल्या शिक्षकाला सरकारने १५ रुपये द्यावेत, तहसिलीच्या शाळेत ९. वर तेवढंच तो मुलांच्या फीतून मिळवील. सगळ्या इलाख्याचा खर्च महिना ४,००० रुपये. दुसऱ्याच वर्षी पटकीने मन्रो गेला, योजना रखडत चालली आणि १८३६मध्ये त्या शाळाच बंद केल्या गेल्या.

आता तुमच्या फिजिक्सच्या सरांकडे येतो, कारण त्यांचा एक थोर पूर्वज तंजावरचाच आहे. कुंभकोणमला १८२८ साली एका तंजावरी मराठी घरात जन्मलेले टी. माधवराव मद्रासच्या सरकारी हायस्कुलात पॉवेलसाहेबांच्या हाताखाली शिकले. शिक्षण संपल्यावर तिथेच काही काळ गणित आणि पदार्थविज्ञान शिकवू लागले. मग अकाउंटंट जनरलच्या कचेरीत गेले. १८४९मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि पुढे त्याच संस्थानाचे दिवाण. नंतर इंदूर, नंतर बडोदा. सयाजीराव अल्पवयीन असताना बडोद्याची घडी बसवणारे दिवाण म्हणून आपण त्यांना ओळखतो; मद्रासच्या मुलांच्या हातून मात्र गणिताचा एक चांगला मास्तर गेला तो गेलाच. यात त्यांचा दोष काय? ज्याला गणित येतं त्याला हिशेबाची कचेरी घ्यायला तयार असते. तेव्हा ती अकाउंटंट जनरलची होती, आज जेईई-नीटचे क्लास आणि सॉफ्टवेअर कंपन्या आहेत.

आपली वेतनश्रेणी हे दुसरं दार जमेसच धरत नाही. महाराष्ट्रात २०२३पासून उच्च माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना २०,००० रुपये मानधन आहे, त्याआधी ९,००० होतं. विषय मराठी असो की फिजिक्स, आकडा तोच. तमिळनाडूत पदव्युत्तर शिक्षकांची श्रेणीही विषयाप्रमाणे बदलत नाही. तिथे जादा पदवी मिळवली तर आगाऊ वेतनवाढ मिळे, ती २०२०मध्ये बंद झाली. तीही पदवीसाठी होती, विषयासाठी नव्हे.

भत्त्याने काही साधतं का? साधतं, पण भत्ता कशासाठी देता त्यावर आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने २००१पासून गरीब वस्तीतल्या शाळांत गणित, विज्ञान आणि विशेष शिक्षणाच्या प्रमाणित शिक्षकांना वर्षाला १,८०० डॉलर जादा दिले. अट एकच, इथेच राहा. शाळा सोडून जाणाऱ्या शिक्षकांचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी घटलं. टेक्सासमध्ये निकालावर पैसे दिले : कॉलेजच्या तोडीच्या परीक्षेत उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलामागे शिक्षकाला १०० ते ५०० डॉलर. मुलांनाही बक्षीस होतं आणि शिक्षकांना प्रशिक्षण होतं. तिथे कॉलेजात जाणारी मुलं वाढली. न्यूयॉर्कने २००७मध्ये शाळेच्या निकालावर बोनस वाटला, तिथे काहीच हललं नाही.

आपल्याजवळचा प्रयोग आंध्रातला. ग्रामीण प्राथमिक शाळांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी गुणांतल्या सुधारणेवर बोनस लावून पाहिला. रक्कम सरासरीने वार्षिक पगाराच्या ३ टक्के. दोन वर्षांत गणित आणि भाषा दोन्ही सुधारलं, गणित जास्त. गंमत म्हणजे शिक्षकांची गैरहजेरी कमी झाली नाही. आलेल्या दिवशी ते जास्त शिकवत, जादा तास घेत. बोनस नसलेल्या विज्ञान आणि समाजशास्त्रातही मुलं पुढे गेली. हे मराठीच्या बाईंना जरूर दाखवा.

तरी अकरावी-बारावीला मी गुणांवर बोनस लावणार नाही. बारावीचे मार्क आधीच क्लास, टायअप आणि प्रात्यक्षिकांचे उदार गुण यांच्या खिचडीतून येतात. त्यात सरांचा वाटा किती, हे कोण मोजणार? शिवाय गुणांवर पैसे ठेवले की सर हुशार तुकडीच मागतात. मागच्या बाकावर बसलेल्या मुलाला भौतिकशास्त्र कोणी समजावून सांगत नाही. भत्ता राहण्यासाठी द्यावा, ठरावीक, आणि बाईंच्या पगाराला हात न लावता. त्यांचं काम हलकं आहे म्हणून फिजिक्सला जादा द्यायचं नाही, फिजिक्सवाल्याला बाहेर गिऱ्हाईक जास्त आहे म्हणून द्यायचं.

पालकसभेला एवढं सांगा : रक्कम आणि मुदत दोन्ही ठरावात लिहून घ्या. नॉर्थ कॅरोलायनात कोणाला मिळणार आणि किती वर्षं, हेच अनेक शिक्षकांना नीट कळलं नव्हतं, आणि तीन वर्षांत योजनाच गुंडाळली गेली. एक वर्षाच्या भत्त्यावर क्लासची नोकरी कोणी सोडत नाही. निदान तीन वर्षांची हमी हवी आणि भरतीची जाहिरात मे महिन्यात निघायला हवी. जूनमध्ये काढलीत तर चांगली माणसं क्लासवाल्यांनी आधीच उचललेली असतील.