वाफ अडवावी, श्वास अडवू नये

बाळा, टर्बोची गाडी घेतलीस, ती ट्यूनही करून घेतलीस, आणि आता ऑइल कॅच कॅनचा ध्यास लागलाय. चांगलंच आहे. फोनवर पाठवलेला तो निळा चकचकीत डबा मी पाहिला. देखणा आहे खरा, पण दिवसभर त्याला बॉनेटच्या अंधारात बसायचंय. तेव्हा रंगावर भाळण्याआधी हे वाचून घे. सगळ्याचं सार एका ओळीत सांगायचं तर, वाफ अडवावी, श्वास अडवू नये. इंजिनाला श्वास घेऊ देऊन तेल पकडतो तो डबा चांगला, मग तो कोणत्याही रंगाचा असो.

आधी इंजिन ओळख

१. पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असोत, जळलेला थोडा गॅस त्यांच्या कडेने खाली क्रँककेसमध्ये उतरतोच; त्याला ब्लो-बाय म्हणतात. त्याची बाहेर पडायची वाट कधी बंद करू नकोस — वाट मिळाली नाही की तो सील ढकलून स्वतःची वाट काढतो.

२. पूर्वी हा गॅस एका नळीने सरळ रस्त्यावर सोडत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या गाड्यांत पीसीव्ही व्हॉल्व्ह आला आणि गॅस परत इनटेकमध्ये ओढून जाळायला लागले. कॅच कॅन या परतीच्या वाटेवर बसतो — कारण गॅसबरोबर तेलाची वाफ, पाणी आणि न जळलेलं पेट्रोलही आत जातं.

३. गाडीत पेट्रोल कुठे फवारलं जातं ते आधी विचार. पोर्ट इंजेक्शनमध्ये ते इनटेक व्हॉल्व्हवर पडतं. पोलो जीटी टीएसआय, बलेनो आरएस, आय-ट्वेंटी एन लाइन या डायरेक्ट इंजेक्शनच्या गाड्यांत थेट सिलिंडरमध्ये — मग व्हॉल्व्हची पाठ धुतली जात नाही आणि तेल तिथे भाजून काजळीचा थर धरतं.

४. पोर्ट इंजेक्शनची, कंपनीच्या सेटिंगवर ऑफिस-घर करणारी गाडी असेल तर हेच पैसे टायर आणि ब्रेक पॅडला लाव — तिथे त्यांचा उपयोग पहिल्या दिवसापासून कळेल.

५. बूस्ट वाढवलेला असेल तर मात्र डब्याचा विचार जरूर कर — दाब वाढला की ब्लो-बाय वाढतो, इनटेकमध्ये गेलेलं तेल पेट्रोलचं ऑक्टेन खाली ओढतं, आणि नॉकिंगची चाहूल लागताच ईसीयू टायमिंग मागे घेतो. ट्यूनला मोजलेले पैसे असे हळूच परत जातात.

६. डब्याआधी कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन टेस्ट करून घे. रिंगेचं दुखणं डब्याला सांगू नये — इंजिन झिजलेलं असेल तर डबा फक्त लवकर भरेल, दुखणं तसंच राहील.

७. डबा लावला की जुनी काजळी निघेल अशी आशा ठेवू नकोस. ती आधी अक्रोडाच्या टरफलाच्या भरडीचा मारा करून साफ करून घेतात. डब्याने पुढचा थर सावकाश बसतो, पूर्ण थांबत नाही — थोडं तेल व्हॉल्व्हच्या दांड्यावरूनही उतरतं.

डबा निवडताना

८. दुकानात झाकण उघडून दाखवायला सांग. आत पडदे आणि जाळी नसेल तर डबा परत ठेव. उकळत्या आमटीवरच्या झाकणाला आतून थेंब धरतात, तसंच इथे व्हायला हवं — गॅसला वळणं मिळाली, वेग मंदावला आणि गार धातू लागला, तरच तेल सुटं होतं.

९. गॅस आत येण्याचं आणि बाहेर जाण्याचं तोंड समोरासमोर नको, मध्ये आडोसा हवा. बाहेरचं तोंड वर आणि साचलेल्या तेलापासून लांब असू दे — नाहीतर पकडलेलं तेलच पुन्हा ओढलं जातं.

१०. रिकाम्या डब्यात तारेची घासणी कोंबायचा सल्ला कोणी दिला तर हसून सोडून दे. जाळी स्टेनलेसची आणि घट्ट बसवलेलीच हवी — सुटलेला तारेचा तुकडा थेट टर्बोच्या पंख्यावर जातो.

११. रोजच्या गाडीला साधारण अर्ध्या लिटरचा डबा पुरतो. ब्रीदर, म्हणजे क्रँककेसचा गॅस सोडणारी नळी, खुला असलेल्या शर्यतीच्या गाडीसाठी एफआयए या मोटार शर्यतींच्या जागतिक संस्थेच्या नियमांत २००० सीसीपर्यंत किमान २ लिटर आणि त्यावर ३ लिटरची टाकी सांगितली आहे — लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं आणि ब्रीदरमधून भसकन बाहेर येतं.

१२. आत किती साचलंय हे न उघडता कळायला हवं, म्हणून डिपस्टिक किंवा काचेची खिडकी असलेला डबा घे — जे दिसतं तेच वेळेवर रिकामं होतं. एफआयएही टाकी अर्धपारदर्शक किंवा पारदर्शक पट्टीची मागते, ती याचसाठी.

१३. कंपनीच्या नळीचा आतला व्यास व्हर्निअरने मोज आणि डब्याची तोंडं त्याहून बारीक घेऊ नकोस. १९ मिलिमीटरच्या वाटेवर १० मिलिमीटरचं तोंड बसवलं की जेमतेम पाव हिश्श्याहून थोडी जास्त वाट उरते — आणि कोंडलेला दाब सगळ्यात आधी क्रँकच्या सीलवर येतो.

१४. डबा करूनच घ्यायचा तर कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याच्या भोसरीत आर्गन वेल्डिंगचे कसलेले हात मिळतील. बसवण्याआधी आतली धातूची कीस आणि वेल्डिंगचे कण धुऊन काढ, आणि हवा भरून साबणाच्या पाण्याने जोड तपास — एक कण सिलिंडरला ओरखडा पाडायला पुरतो.

१५. रस्त्यावरच्या गाडीला सीलबंद डबाच घे, ज्यातून गॅस परत इनटेकमध्ये जातो. वर फिल्टर लावलेला खुला डबा नको — केबिनमध्ये वास येतो, हवा मोजणाऱ्या सेन्सरचा हिशेब बिघडतो, आणि भारत स्टेजच्या नियमांत पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधून गॅस बाहेर सोडायला मुभा नाही.

१६. टर्बो इंजिनाला श्वासाच्या दोन वाटा असतात : आयडलला आणि सावकाश चालताना मॅनिफोल्डची ओढ, बूस्टमध्ये टर्बोच्या तोंडाची ओढ. डबा कोणत्या वाटेवर बसणार हे विकणाऱ्याला स्पष्ट विचार — एकाच वाटेवर बसवलास तर दुसरीतून तेल जातच राहील.

१७. मॅनिफोल्डच्या बाजूला चेक व्हॉल्व्ह हवाच, आणि त्यावरचा बाण बसवताना दोनदा बघ — उलटा बसला की बूस्ट क्रँककेसमध्ये शिरतो आणि डिपस्टिक उडून बाहेर येते.

१८. फोक्सवॅगन-स्कोडाच्या टीएसआय इंजिनांत तेल वेगळं करायची आणि दाब सांभाळायची सोय कंपनीचीच असते. त्या इंजिनासाठी बनवलेला ॲडॉप्टरच घे आणि दाब सांभाळणारा भाग काढू नकोस — मॅनिफोल्डची ओढ थेट क्रँककेसला लागली तर सील आत ओढले जातात. आयडलला शिट्टी येत असेल आणि तेलाचं झाकण ओढूनही सुटत नसेल, तर डब्याआधी तिथला डायफ्राम बदल.

बसवताना

१९. डब्यात वाचवलेले पैसे नळ्यांना लाव. नायट्राइल रबराची, तेलाला टिकणारी नळी घे — हीटरची रबरी नळी तेलाने फुगते, आणि साध्या सिलिकॉन नळीतून तेल पाझरून ती बाहेरून ओशट होते. स्वस्त नळी, महाग सील.

२०. नळी गरम इंजिनावर दाबून बघ. जाड भिंतीची किंवा आतून तारेचं वेटोळं असलेली बरी — मॅनिफोल्डच्या ओढीने मऊ नळी चपटी होते आणि वाट बंद पडते.

२१. डबा टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब, वाऱ्याच्या बाजूला, हात सहज पोचेल असा बसव — गार डब्यात वाफ लवकर थेंब धरते, आणि तापलेल्या एक्झॉस्टवर तेल ठिबकलं तर आग लागते.

२२. नळ्यांना खाली लोंबणारी झोळ येऊ देऊ नकोस, पण थोडी सैल मात्र ठेव — झोळीत पाणी साचतं, आणि इंजिन माउंटवर हलतं तेव्हा ताणलेली नळी तोंडातून सुटते.

२३. ब्रॅकेट गाडीच्या धातूच्या भागाला, रबरी वॉशर घालून आवळ. प्लास्टिकच्या कव्हरला नको — भरलेला डबा खड्ड्यांत हिसके देतो आणि आपले रस्ते तुला ठाऊक आहेत.

२४. बसवण्याआधी आणि नंतर स्कॅनरवर फ्युएल ट्रिमचे आकडे वहीत टिपून ठेव. आकडे अधिक बाजूला सरकले तर कुठून तरी हवा चोरून आत येतेय — चेक इंजिनचा दिवा लागण्याआधीच ते कळतं.

नंतरच्या सवयी

२५. पहिल्या ५०० किलोमीटरला डबा उघडून बघ आणि भरायचा वेग ओळखून पुढचा हिशेब ठरव. निम्मा भरायची वाट पाहू नकोस. धनी विसरला, डबा उसळला — भरून वाहिला की साचलेलं सगळं तेल एकदम इनटेकमध्ये जातं.

२६. पावसाळ्यात, आणि कायम छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत, दुधाळ कॉफीच्या रंगाचं पाणी-तेल निघालं तर लगेच घाबरू नकोस. इंजिन पुरेसं तापलं नाही की असं होतं. मात्र तेवढ्यात कूलंटची पातळी बघून घे — तीही उतरत असेल तर हेड गास्केटची शंका धरायला हवी.

२७. मनालीहून वर लेहकडे निघताना डबा पूर्ण रिकामा कर, आणि जर्मनीत किंवा कॅनडात राहणारं आपलं कोणी असेल तर हिवाळ्यात त्यांनाही हेच सांग — डब्यात आणि नळ्यांत पाणी गोठलं की गॅसची वाट बंद होते.

२८. डब्यातलं तेल सोनेरी दिसलं तरी परत इंजिनात ओतू नकोस — त्यात पाणी, पेट्रोल आणि आम्ल मिसळलेलं असतं. गटारातही नको, २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेलं तेल येतं, म्हणून ते बाटलीत साठव आणि अधिकृत पुनर्वापरासाठी तेल देणाऱ्या गॅरेजला दे.

२९. डब्याला काम कमी पडावं असं वाटत असेल तर तेल चांगलं घाल. नोआक चाचणीत २५० अंश सेल्सिअसला तासाभरात किती तेल उडतं ते मोजतात. एपीआय एसपी दर्जाच्या नेहमीच्या हलक्या तेलांना १५ टक्क्यांची मर्यादा आहे, एसीईए सी३ ला १३ ची — दोन्ही कंपनीच्या शिफारशीत बसत असतील तर कमी उडणारं घे.

३०. डिपस्टिकवर तेल वरच्या खुणेच्या पुढे कधी नको. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ हा हिशेब डाळ-तांदळाला चालतो, इंजिनाला नाही — जास्तीचं तेल क्रँकने घुसळलं जातं आणि फेस होऊन डब्यात येतं.

३१. किती किलोमीटरला किती मिलिलिटर निघालं ते वहीत लिहीत जा. आकडा अचानक वाढला तर मोठा डबा शोधू नकोस, पीसीव्ही आणि रिंगा तपास — इंजिन आपलं दुखणं तिथेच सगळ्यात आधी सांगतं.

३२. कोइंबतूरच्या करी मोटर स्पीडवेला किंवा चेन्नईजवळच्या ट्रॅकला गेलीच गाडी, तर प्रत्येक फेरीआधी डबा रिकामा करून त्याच्या तळाच्या नळाची चावी बंद आहे ना ते हाताने बघ — तुझ्या गाडीतून सांडलेल्या तेलावर मागून येणारा मोटारसायकलवाला घसरेल.

३३. वॉरंटीतल्या गाडीला डबा लावण्याआधी सर्व्हिस सेंटरला आणि विमा कंपनीला विचार, आणि कंपनीच्या मूळ नळ्या, क्लिपा नाव लिहून पिशवीत जपून ठेव — कधी मूळ स्थितीत आणायची वेळ आली तर अर्ध्या तासात काम होतं.

एवढं सगळं एका दिवसात करायचं नाही, बाळा. या रविवारी फक्त नळीचा व्यास मोज, व्हॉल्व्हची अवस्था बघून घे आणि कॉम्प्रेशनचे आकडे मला पाठव. ते पाहून डबा कुठला घ्यायचा ते ठरवू, आणि खरंच गरज नसेल तर तेही स्पष्ट सांगेन. बसवलास तर पहिल्यांदा रिकामा करायला गाडी इकडे घेऊन ये. निघालेलं तेल कसं वाचायचं हे एकदा शेजारी उभं राहून बघितलंस, की पुढे तुला कोणाला विचारावं लागणार नाही.