दोन वस्तू चांगल्या, पण जोडी जमते का? घोड्यांच्या ट्रेलरचा धडा

आजच्या व्हिडिओतलं उदाहरण अमेरिकेतलं आहे, कारण हा ट्रेलर तिकडेच जास्त चालतो. हिशोब मात्र तुमच्या कामाचा आहे.

तिकडे घोडे पोहोचवून देण्याचा धंदा करणारे लोक पिकअप ट्रक आणि गूजनेक ट्रेलर वापरतात. ट्रेलरचा पुढचा भाग हंसाच्या मानेसारखा वर उचललेला असतो आणि तो ट्रकच्या हौद्यातल्या लोखंडी बॉलवर बसतो. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण पाचवा हिस्सा त्या बॉलवर येतो.

अडचण कुठे येते? हल्लीचे फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअप उंच असतात, आणि जुने ट्रेलर बुटक्या ट्रकसाठी बनलेले. दोन्ही वस्तू उत्तम, पण जोडल्यावर ट्रेलरची मान हौद्याच्या कडेला जवळजवळ टेकते. उंचवट्यावरून उतरताना किंवा ट्रकचं एका बाजूचं चाक खड्ड्यात गेलं की कड आणि मान एकमेकांवर आदळतात. म्हणून मधे साधारण 6 इंच जागा ठेवतात.

आता हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

1. रिकाम्या ट्रकच्या हौद्याची कड जमिनीपासून 60 इंच.
2. ट्रेलरचा भार आल्यावर ट्रक 2 इंच दबला, म्हणजे कड 58 इंचांवर.
3. ट्रेलर सपाट उभा असताना मानेची खालची बाजू 61 इंचांवर.
4. मोकळी जागा 3 इंच. हवी 6. म्हणजे 3 इंच कमी.

इथे बरेच जण सोपा उपाय करतात: बॉलवर बसणारा मानेचा दांडा 3 इंच खाली सरकवतात. जागा मिळते, पण ट्रेलरचं नाक वर जातं. मग भार मागच्या आसावर सरकतो, त्याच्या टायर आणि ब्रेकवर ताण येतो. रबर टॉर्शनचे आस असतील तर हे जास्त जाणवतं, कारण ते भार आपसात वाटून घेत नाहीत. आणि आत उभा असलेला 450-500 किलोचा घोडा तासन् तास उतारावर तोल सांभाळत राहतो. गिऱ्हाईकाचा घोडा थकून उतरला, तर ते पुन्हा तुम्हाला फोन करेल का?

बरोबर उपाय म्हणजे आधी ट्रेलरच उचलायचा. आस आणि चौकट यांच्यामध्ये ठोकळे घालून ट्रेलर 3 इंच वर घ्यायचा, आणि मग दांडा तेवढाच लांबवायचा. ट्रेलर सपाट राहतो, जागाही मिळते. हे काम ट्रेलरच्या जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्यायचं. याचीही किंमत आहेच: घोड्याला चढायची पायरी 3 इंच उंच होते, रॅम्प असेल तर तो जास्त चढाचा होतो, आणि वळणावर ट्रेलर थोडा जास्त झुकतो. नवा ट्रेलर घेणार असाल तर ऑर्डर देण्याआधीच कडेची उंची सांगा, तेच सगळ्यात स्वस्त.

आता तुमच्या धंद्याकडे या. टेम्पोचा हौदा आणि गोदामाचा ओटा, ओव्हन आणि त्यात जाणारे ट्रे, मशीन आणि दुकानातलं वीज कनेक्शन. आपण प्रत्येक वस्तूचा भाव काढतो, पण दोन वस्तू जिथे जुळतात तिथलं माप घेत नाही. नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं.

म्हणून पैसे देण्याआधी तीन गोष्टी करा. एक, जोडणीच्या जागेचं माप टेपने स्वतः घ्या, माहितीपत्रकावर विसंबू नका. दोन, माप रिकामं आणि भरलेलं, दोन्ही वेळा घ्या. तीन, जुळवून घ्यायचा खर्च वस्तूच्या किमतीत आधीच धरा. तो धरल्यावरही सौदा परवडत असेल, तरच ॲडव्हान्स द्या.

आजचा गृहपाठ: पुढच्या खरेदीची यादी काढा आणि प्रत्येक वस्तूसमोर लिहा, ही कशाला जोडायची आहे? उत्तर रिकामं राहिलं, तर आधी टेप घेऊन जा.